दशरथ रामटेके यांच्या सात पिशव्या

पावणेसात वाजले की दशरथ रामटेके खुंटीवरची चावी काढून खाली उतरायचे. चहाच्या आधी. लिफ्ट असली तरी तिन्ही मजले जिन्याने. पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची पट्टी ओढून काढायची, खिशातल्या पिवळ्या फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची आणि उजेडाकडे धरून बघायची. मग पट्टी जागच्या जागी ठेवून ते म्हणायचे, "ठीक आहे." कुणाला उद्देशून नाही, पण शेजारी उभं असलेल्याला ऐकू जाईल इतपत. मग बॉनेट खाली सोडायचे. तो धप्प आवाज वारज्याच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचायचा आणि स्वयंपाकघरात चंद्रभागाबाई चहाचं आधण ठेवायच्या. घड्याळ बघायची गरज त्यांना कधी पडली नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळच्या गावातून दशरथ पुण्याला आले ते मामाच्या आधाराने. स्वारगेटच्या मागे शंभू मिस्त्रींचं गॅरेज होतं, तिथे पहिली दोन वर्षं त्यांनी फक्त इंजिनं पुसली. शंभू मिस्त्री म्हणायचे, "मळक्या इंजिनाला काय झालंय ते डॉक्टरलाही कळत नाही. आधी पूस, मग बोल." पुढे एका सरकारी कचेरीत ड्रायव्हर म्हणून लागले आणि एकतीस वर्षं जीप चालवली. साहेब बदलले, जीप तीनदा बदलली, पिवळं फडकं तेच राहिलं. म्हणजे फाटलं की दुसरं यायचं, पण पिवळंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, चंदेरी रंगाची छोटी गाडी घेतली. मुलगी मैत्री तेव्हा नुकतीच बाणेरच्या एका कंपनीत लागली होती. गाडी चालवायला ती त्यांच्याकडूनच शिकली. पहिले आठ दिवस त्यांनी तिला स्टीअरिंगला हातच लावू दिला नाही. बॉनेट उघडून समोर उभं केलं.

"बाबा, मला गाडी चालवायचीय, बनवायची नाहीये."

"ओळख तरी करून घे. अनोळखी माणसाबरोबर मी तुला कात्रजलाही पाठवणार नाही."

गेल्या ऑगस्टमधल्या एका सकाळी धप्प आवाज आला नाही. पट्टी हातातून निसटली, ती उचलायला दशरथ वाकले आणि उजवा हात त्यांचं ऐकेना. तळमजल्यावरचे रंगनाथ लिमये वर्तमानपत्र घ्यायला दारात आले होते. त्यांनी पाहिलं, हाक मारून कुणालाही न बोलावता दशरथना आपल्या गाडीत घातलं आणि पायजम्यावरच दवाखाना गाठला. अर्धांगाचा झटका होता, पण वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. लिमयांनी त्यावर एकच वाक्य उच्चारलं, "सिग्नल हिरवे होते." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

हात हळूहळू परत आला. जिभेवर तर परिणाम झालाच नव्हता. पण घर बदललं. दशरथ गॅस बंद करून बाहेर आले की चंद्रभागाबाई काही तरी विसरल्यासारखं करून आत जायच्या आणि बटण चाचपायच्या. त्यांनी दाराची कडी लावली की मैत्री पाणी प्यायच्या निमित्ताने उठून कडी बघायची. गोळ्यांच्या डबीचे कप्पे दोघी आळीपाळीने मोजायच्या. बोलायचं कुणीच नाही. गाडीची चावी खुंटीवरून मैत्रीच्या पर्समध्ये गेली, तेव्हाही कुणी काही बोललं नाही. दशरथनी दुसऱ्या दिवशी रिकामी खुंटी पाहिली आणि तिच्यावर बाजाराची पिशवी अडकवली. पावणेसातला ते आता गॅलरीत बसायचे. चंद्रभागाबाईंनी चहासाठी मोबाइलमध्ये गजर लावून घेतला.

मार्चमध्ये सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी मैत्रीला बाजूला घेऊन विचारलं, "हात सुधारलाय. माणूस का सुधारत नाहीये? घरी काय करतात?"

"काही करू देत नाही आम्ही."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्या रविवारी नाश्ता झाल्यावर मैत्रीने चावी टेबलावर ठेवली. "बाबा, बॉनेटखाली नुसता पाचोळा साठलाय. सात महिने कुणी बघितलंच नाही. साफ करू या?"

दशरथ चावीकडे बघत राहिले. उजव्या हाताची बोटं त्यांनी टेबलाखाली मिटली, उघडली.

"सर्व्हिसिंगला देऊन टाक."

"ते पाणी मारतात जोरात. तुम्हीच सांगितलं होतंत."

"जोरात नाही, बेअकलेने मारतात," दशरथ म्हणाले. आणि हात टेबलावर घेत, "पिशव्या आहेत का ग?"

चंद्रभागाबाई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा त्यांनी इतक्या लगेच पुढे केला, की त्या याच प्रश्नाची वाट बघत होत्या असं वाटावं. दशरथनी त्यातून मोजून सात घेतल्या.

जीपच्या काळापासून सातच. इंजिन धुताना ज्याला पाणी लागता कामा नये ते झाकायचं, आणि धुऊन झालं की जेवढ्या पिशव्या घातल्या तेवढ्या काढायच्या. गाडी बदलली तशा जागा बदलल्या, पण झाकायच्या जागा सात भरल्या की ते थांबायचे. खाली आल्यावर त्यांनी आधी गाडी उन्हातून सावलीत घ्यायला लावली. इंजिनावर तळहात ठेवून ते गार असल्याची खात्री केली, बॅटरीची एक वायर सोडवली. मग एकेक पिशवी बसवून रबरबँड लावत गेले. बॅटरी. फ्यूजचा डबा. कॉम्प्युटरची डबी. अल्टरनेटर. कॉइलच्या तीन जागा. उजव्या हाताला रबरबँड ताणायला वेळ लागत होता. तिसरा दोनदा सुटून उडाला. मैत्री पुढे सरकली, तसं त्यांनी मान न उचलता म्हटलं, "तू फक्त बघ."

ती बघत होती. आदल्या रात्री तिने मोबाइलवर याच कामाचे चार व्हिडिओ पाहिले होते. चारही जणांनी पुढच्या जाळीमागची हवेची नळी झाकली होती. जिथून इंजिन हवा आत ओढतं तिथे पाणी गेलं तर इंजिन कायमचं जातं, असं त्यातल्या एकाने दोनदा बजावलं होतं. आणि बाबांची सातवी पिशवी लागली तरी ती नळी उघडीच होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. सात." दशरथ अर्धी बादली पाणी आणायला गेटजवळच्या बारीक धारेच्या नळाकडे गेले.

विसरले, मैत्रीच्या मनात आलं. सांगावं, तर आज सात महिन्यांनी त्यांनी हातात घेतलेलं पहिलं काम. ती जिन्याने धावत वर गेली.

"आई, एक पिशवी दे. पटकन."

"सात दिल्या ना? काहून, फाटली?"

"दे ना."

चंद्रभागाबाईंनी फ्रिजमधून कढीपत्त्याची पारदर्शक पिशवी काढून कढीपत्ता ताटलीत ओतला. "ही परत पाहिजे मला. हिच्यात तो आठ दिवस टिकतो."

दशरथ बादली घेऊन परत येण्याआधी मैत्रीने ती पिशवी नळीच्या तोंडावर चढवून वर रबरबँड लावला आणि कडा आत खोचून दिल्या. पिशवी पारदर्शक होती, नळी काळी. बघूनही दिसली नसती. दाराची कडी बघून आल्यासारखं वाटलं तिला. हलकं.

मग खरं काम सुरू झालं. आधी कोरड्या ब्रशने पाचोळा आणि धूळ. बहाव्याच्या वाळक्या शेंगेचा तुकडा निघाला, एक चॉकलेटचा कागद, आणि उंदराने आणून ठेवलेले कापसाचे पुंजके. वायरी कुरतडलेल्या नव्हत्या, हे दशरथनी एकेक वायर बोटांतून फिरवून पाहिलं. साबणाचं पाणी त्यांनी काच पुसायच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं होतं, ते थोडं थोडं फवारत जुन्या टूथब्रशने कोपरे घासले. मळ काळ्या धारांनी खाली उतरला. पुढच्या जाळीच्या बाजूला मात्र त्यांनी पाणी नेलंच नाही, तिथे नुसतं ओलसर फडकं फिरवलं. हे मैत्रीने पाहिलं, पण त्याचा अर्थ तिच्या लक्षात आला नाही. तिचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे होतं. टूथब्रश धरलेली बोटं सुरुवातीला थरथरत होती. अर्ध्या तासाने ती ते बघायचीही विसरली.

लिमये पिशवीभर भाजी घेऊन आले आणि थांबले. "रामटेके, अभिषेक चाललाय वाटतं?"

"अभिषेक तुमच्याकडे, लिमये. आमच्याकडे साधी आंघोळ."

"सोसायटीच्या पाण्याने?"

"अर्धी बादली. मोजून घ्या."

"घेईन. सेक्रेटरी आहे मी." लिमयांनी वाकून आत डोकावलं. "माझ्या गाडीचंही करून द्याल का? की ही सेवा फक्त आप्तांसाठी?"

"तुमचं बॉनेट शेवटचं कधी उघडलं होतंत?"

"कंपनीने दिली तेव्हा उघडंच होतं बहुतेक."

दशरथ हसले. आवाज करून. सात महिन्यांत मैत्रीने तो आवाज ऐकला नव्हता. ती फोन बघायच्या निमित्ताने खांबामागे गेली आणि ओढणीने डोळे पुसून परत आली.

पुसून, वाळवून व्हायला साडेअकरा झाले. कोपऱ्यातलं पाणी काढायला मैत्रीचा केस वाळवायचा ड्रायर लिमयांच्या घरातून वायर ओढून चालवला. इंजिनाचा खरा राखाडी रंग वर आला. मैत्री म्हणाली, पाइपांवर लावायचं चकचकीत औषध मिळतं, आणू का? "चकाकी विकणाऱ्यांना लागते," दशरथ म्हणाले. "मला उद्या कुठे थेंब गळला तर दिसला पाहिजे." मग त्यांनी पिशव्या काढल्या. एकेक काढून बॉनेटच्या कडेवर ठेवत मोठ्याने मोजल्या. सात घातल्या होत्या, सात निघाल्या. बॅटरीची वायर जोडली आणि चावी मैत्रीपुढे धरली.

"तुम्ही लावा," ती म्हणाली.

दशरथ ड्रायव्हरच्या सीटवर बसले. उजव्या हाताने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, दोन क्षण चाललं, आणि घुसमटून बंद पडलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते नुसतंच कण्हलं.

दशरथ उतरले. पिशव्या पुन्हा मोजल्या. सात. पुन्हा बॉनेटखाली वाकले, वायर हलवून पाहिली, कॉइलला हात लावून पाहिला. सगळं कोरडं होतं.

"कुठे तरी पाणी गेलं माझ्या हातून," ते म्हणाले.

"बाबा, थांबा ना जरा. वाळेल."

"कुठे गेलं तेच आठवत नाहीये." त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं आणि त्याची घडी घालायला लागले. चौकोनी, मग अजून लहान चौकोनी. "सात मोजल्या मी. पण माझ्या मोजण्याचं आता काय धरायचं? बरं झालं, चावी तू घेतलीस ते. हे काम आता माझं नाही. नको मला ते पुन्हा."

लिमयांनी घसा खाकरला. "राकेशला फोन करू? रविवार आहे, आधी पोटभर हसेल, पण येईल." राकेश म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री.

"करा," दशरथ म्हणाले. घडी घातलेलं फडकं त्यांनी बादलीच्या काठावर ठेवलं. खिशात नाही.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून चंद्रभागाबाई ओरडल्या, "मैत्री! माझी कढीपत्त्याची पिशवी कुठं ठेवली ग? इथं पानं सुकून राहिली ना!"

मैत्रीने जाळीकडे पाहिलं. ती नळी. ते तोंड. हवेवाचून इंजिन घुसमटत होतं आणि बाबा पाणी शोधत होते.

लिमये फोनवर नंबर शोधत बाजूला गेले होते. दशरथ ब्रश बादलीत टाकत होते, त्यांची पाठ तिच्याकडे होती. दोन पावलं पुढे जाऊन, वाकून, पिशवी ओढून ओढणीत लपवायला तिला पाच सेकंद पुरली असती. मग म्हणायचं, वाळलं बहुतेक, लावून बघा. गाडी सुरू होईल. राकेशला बोलवावं लागणार नाही. कुणाला काही कळणार नाही. सात महिने घरात असंच तर चाललं होतं, त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या भल्यासाठी.

पण मग पाणी त्यांच्याच हातून गेलेलं राहील. सात त्यांनी चुकीच्या मोजलेल्या राहतील. फडकं बादलीच्या काठावर राहील.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, आठवी मी लावली होती."

दशरथ वळले.

"हवेच्या नळीवर. तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा. मला वाटलं तुम्ही विसरलात." पुढचं तिला सांगायचं नव्हतं, पण थांबता येईना. "आम्ही बघतो बाबा तुमच्या मागून. गॅस, कडी, गोळ्या. रोज बघतो. तुमचं एकदाही चुकलेलं नव्हतं, तरी बघतो."

लिमये फोन कानाला लावून तिथेच थबकले.

दशरथ गाडीकडे आले, जाळीमागे हात घातला आणि चाचपून रबरबँड शोधला. उजव्याच हाताने. पिशवी निघाली ती आत ओढली जाऊन आवळलेली, चुरगळलेली. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"म्हणजे माझ्या सात बरोबर होत्या," ते म्हणाले.

"हो."

"पाणी कुठेच गेलं नाही."

"नाही, बाबा."

त्यांचा खांदा भिंतीला टेकला. एवढा मोठा श्वास सोडला त्यांनी, की मैत्री घाबरून पुढे झाली. पण ते हसत होते.

"तिथे मी कधीच काही बांधत नाही. पाणीच नेत नाही त्या बाजूला, मग झाकायचं कशाला? एक्क्याण्णव साली बांधलं होतं. चांगला बोळा कोंबला होता फडक्याचा, आणि विसरलो. साहेबांना घेऊन निघालो साताऱ्याला. कात्रजच्या चढावर जीप बंद. साहेब उन्हात रस्त्यावर, मी बॉनेटखाली, तासभर. फडकं पिवळं होतं म्हणून दिसलं शेवटी. तेव्हापासून पिवळंच वापरतो." त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. "मेमो मिळाला होता. तुझ्या आईला अजून माहीत नाही."

"मला आता माहीत झालं, रामटेके," लिमये म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. "सोसायटीच्या वहीत नोंद करतो."

"करा. आणि खाली लिहा, रामटेके यांच्या सात बरोबर."

मैत्रीला हसू आणि रडू एकदमच आलं. "सॉरी बाबा."

"सॉरी कसलं? बघायचं असेल तर समोरून बघ. मागून बघितलं की असं होतं." त्यांनी तिच्या डोक्यावर ओल्या हाताने टप्पल मारली. "बस. तू लाव."

तिने चावी फिरवली. इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं, एकसारखं, शांत. दशरथ बॉनेटवर वाकून कान देऊन ऐकत होते. मिनिटभराने त्यांनी हाताने खूण केली. तिने बंद केलं. मग इंजिन निवेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, लिमयांच्या भाजीतली एक काकडी तिघांनी मिळून खाल्ली, आणि मग त्यांनी बादलीच्या काठावरचं फडकं उचललं. घडी मोडून झटकलं. पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली, उजेडाकडे धरली.

"ठीक आहे," ते म्हणाले.

बॉनेट पडल्याचा धप्प आवाज झाला. वर स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला. साडेबारा वाजले होते, जेवायची वेळ होती, पण तिसऱ्या मजल्यावर आधण चढलं होतं.

मैत्रीने चावी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती घेतली, खिशात टाकली आणि जिन्याकडे निघाले. लिफ्टचं दार उघडं होतं, तरी जिन्याकडेच. तिसऱ्या पायरीवर मागे वळून बघितलं.

"ती पिशवी धुऊन दे आईला. नाहीतर कढीपत्ता मलाच आणायला पाठवेल."